गोविंदराव टेंबे आणि त्यांची पेटी

१९४० सालच्या मार्च महिन्याच्या पहिल्या तारखेपासून हिंदुस्थानातील नभोवाणीच्या केंद्रांतून हार्मोनियमचा स्वर ऐकू येईनासा झाला. गवयाने गावयास बसावे, तबला असावा, सारंगी असावी, तंबोरे असावेत. पेटी मात्र नको, असा तो दंडक होता. घरोघरी मुलींना संगीताचा पहिला धडा जिच्यावर मिळे, कीर्तनात, भजनात, नाटकगृहात आणि शाळेच्या संमेलनात जिच्यावाचून कोणाचे चालत नसे, तीच पेटी सरकारी ध्वनिक्षेपकाच्या उंबरठ्यावर अडली. ज्यांनी हे वाद्य साथीच्या जागेवरून उचलून मैफलीच्या मध्यभागी आणून बसविले, ते गोविंदराव टेंबे त्या वेळी हयात होते. वय अठ्ठावन्न वर्षांचे. आदल्याच साली, म्हणजे १९३९ मध्ये, त्यांचे ‘माझा संगीत व्यासंग’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. एखाद्या माणसाने आयुष्यभर एका वाद्याची सेवा करावी, त्या सेवेचा वृत्तान्त लिहून संपवावा, आणि पुढच्याच वर्षी त्या वाद्यास दाराबाहेर उभे करण्यात यावे, असा हा योग आहे.

ही बंदी कोणा एका अधिकाऱ्याच्या लहरीतून निघालेली नव्हती, हे आरंभीच सांगणे न्यायाचे होईल. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळणारे जॉन फौल्ड्स हे इंग्रज संगीतकार १९३८ साली नभोवाणीच्या इंग्रजी पाक्षिकात या वाद्यावर तुटून पडले. हार्मोनियम या नावाचीच फोड करून त्यांनी त्यात ‘अपाय’ या अर्थाचा इंग्रजी शब्द दाखवून दिला. १९४० च्या जानेवारीत रवींद्रनाथ ठाकुरांनी कलकत्ता केंद्राच्या अधिकाऱ्यास पत्र पाठवून आपण शांतिनिकेतनातून हे वाद्य हद्दपार केले आहे असे कळविले आणि नभोवाणीनेही तसेच करावे अशी इच्छा दर्शविली. म्हणजे परकीय आणि स्वकीय, दोन्ही बाजूंनी निकाल एकच लागला होता. तो निकाल कितपत खरा होता आणि गोविंदरावांच्या बोटांनी त्यास काय उत्तर दिले, हे समजण्यासाठी प्रथम या यंत्राची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

हार्मोनियम हे जन्माने फ्रेंच. पॅरिसच्या आलेक्सांद्र देबँ या कारागिराने १८४२ साली त्याचे पेटंट घेतले. पितळेच्या पातळ जिभा, त्यांखालून वारा ढकलणारा भाता आणि वर पियानोसारख्या पट्ट्या, एवढीच त्याची रचना. भाता पायाने दाबावयाचा, त्यामुळे दोन्ही हात वाजविण्यास मोकळे राहात. हिंदुस्थानात आल्यावर हे वाद्य जमिनीवर उतरले. आपला गवई खुर्चीवर बसत नाही. मग कलकत्त्याच्या कारागिरांनी पाय काढून टाकले, भाता पाठीमागे लावला आणि डाव्या हाताने तो हलवावयाची सोय केली. हीच आपली हातपेटी. नाटकगृहात मात्र पायपेटी टिकली, आणि पुढे तिच्या जोडीस ऑर्गन आला. ऑर्गन दिसावयास पायपेटीचाच थोरला भाऊ. परंतु पोटातील व्यवस्था उलटी. पेटीत वारा जिभांतून बाहेर ढकलला जातो, ऑर्गनमध्ये तो आत ओढला जातो. त्यामुळे ऑर्गनचा नाद गोल, भरदार आणि काहीसा मखमली येतो. पेटीच्या आवाजातील धार त्यात नसते. बालगंधर्वांच्या गाण्याची ज्यांना आठवण आहे, त्यांच्या कानांत तिरखवाँच्या तबल्याबरोबर आणि कादरबक्षांच्या सारंगीबरोबर हा ऑर्गनचा नादही मिसळलेला असतो.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि १८८२ साली ‘सौभद्र’, तेव्हापासून मराठी नाटक हे गाण्याचे घर झाले. ध्वनिवर्धक नाही, विजेचे दिवे नाहीत, नाटकगृह म्हणजे पुष्कळ ठिकाणी पत्र्याचे किंवा कापडाचे छत. अशा जागी शेवटच्या रांगेतील प्रेक्षकास ऐकू जाईल असा स्थिर आणि मोठा सूर पाहिजे होता. सारंगी गोड खरी; पण ती जुळविण्यास वेळ लागतो, हवेतील ओलाव्याने ती उतरते, आणि ती उत्तम वाजविणारा माणूस प्रत्येक कंपनीस मिळत नाही. पेटीस यांतील एकही अडचण नाही. नट बदलला, पट्टी बदलली, तरी पेटीवाल्याने फक्त दोन पट्ट्या इकडे की तिकडे सरकावयाचे. शिवाय ती प्रवासाची सोबतीण. वऱ्हाडात कापसाचा पैसा खेळू लागला की मंडळ्यांचे मुक्काम अमरावती, अकोले, खामगाव अशा पेठांतून पडत. पेठेचे गाव रेल्वेवर असले तर ठीक; पण बुलढाण्यासारख्या घाटावरच्या गावी, जेथे आजही आगगाडी पोहोचलेली नाही, पडदे, ट्रंका आणि पायपेटी बैलगाडीतच घालून न्यावयाची. खाचखळग्यांतून गेल्यावरही जे वाद्य सुरात राहते, त्याची निंदा करणे शास्त्र्यांस परवडेल, नाटकवाल्यांस परवडणारे नव्हते.

आता शास्त्र्यांचा आक्षेप. तो पोकळ नव्हता. पेटीचे बारा सूर युरोपातील सोयीसाठी समान अंतरावर बसविलेले असतात. एका सप्तकाचे बाराशे सूक्ष्म भाग कल्पिले तर तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार सुमारे ३८६ व्या भागावर येतो; पेटीचा गंधार बसतो ४०० वर. चौदा भागांचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटेल, पण ज्याने कान तयार केला आहे त्यास तो खड्यासारखा लागतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. आपले संगीत सुरांत नाही, सुरांच्या मधल्या वाटेत आहे. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड, दरबारीतील गंधाराचे आंदोलन, हे पेटीच्या पट्ट्यांवर कसे यावे? पट्टी एक तर दाबलेली असते किंवा सुटलेली.

पहिल्या दोषावर उपाय शोधणारी मंडळी महाराष्ट्रातच निघाली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचे बंधू. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडले, आणि क्लेमेंट्स या इंग्रज सनदी अधिकाऱ्याच्या साह्याने श्रुतिहार्मोनियम तयार करविले. १९१६ साली पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने बडोद्यास जी संगीत परिषद भरली, तीत या पेटीची चर्चा झाली. पण विद्वानांचे एकमत झाले नाही. श्रुती कोणत्या रागात कोठे लागते याविषयीच जेथे गवयांत मतभेद, तेथे सुताराने जिभा कोठे बसवावयाच्या?

गोविंदरावांनी दुसऱ्या दोषाशी झुंज घेतली. तीही कानस घेऊन नव्हे, बोटांनी.

गोविंद सदाशिव टेंबे यांचा जन्म ५ जून १८८१ चा. वाढले ते कोल्हापुरात. त्या काळचे कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांचे कोल्हापूर. महाराजांनी खाँसाहेब अल्लादियाखाँ यांना दरबारी आश्रय दिला आणि जयपूरची ती अवघड, पीळदार गायकी पंचगंगेच्या काठी स्थिर झाली. गावात १८८३ पासून गायन समाज होता. देवल क्लब या नावाने तो पुढे प्रसिद्धीस आला. येणाराजाणारा प्रत्येक गवई तेथे हजेरी लावी. गोविंदरावांची खरी शाळा हीच. पेटी त्यांना कोणी बसवून शिकविली नाही. पेटी शिकविणारा उस्ताद तेव्हा असणार तरी कोठून! घराणे सारंगीस होते, बीनेस होते, तबल्यास होते. पेटीस ना घराणे, ना परंपरा. हे वाद्य अनाथ होते, आणि अनाथाचा एक फायदा असा की त्यास कोणाची नक्कल करावी लागत नाही. पूर्वीच्या पेटीवाल्याची वाट पुढे नसल्यामुळे गोविंदरावांनी गवयाचीच वाट धरली.

तो गवई म्हणजे भास्करबुवा बखले. बुवांनी फैजमहंमदखाँ, नथ्थनखाँ आणि अल्लादियाखाँ अशा तीन थोर गुरूंची विद्या एका गळ्यात आणली होती. त्यांच्या मैफलींत गोविंदराव साथीस बसू लागले. साथ म्हणजे काय हे न गाणाऱ्या श्रोत्याच्या सहसा ध्यानात येत नाही. गवयाच्या मनात पुढची जागा काय आहे हे साथीदारास ठाऊक नसते. ती जागा गळ्यातून निघाल्यावर निमिषार्धात त्याने ओळखावयाची, तिच्या मागोमाग सावलीसारखे जावयाचे, आणि गवई श्वास घेण्यास थांबला तर तेवढी पोकळी भरून काढावयाची. परंतु त्याच्यापुढे एक पाऊलही टाकावयाचे नाही. पुढे गेलास तर उद्धट, मागे राहिलास तर अडाणी. भास्करबुवांसारख्या बहुश्रुत गवयामागे वर्षानुवर्षे असे बसणे ही तालीम कोणत्याही गंडाबंधनापेक्षा कमी नव्हती. अल्लादियाखाँसाहेबांची रीतसर तालीम गोविंदरावांस लाभली नाही. तरी ते त्यांना गुरुस्थानी मानीत राहिले, आणि उतारवयात त्यांनी खाँसाहेबांचे चरित्रही लिहिले.

या साथीतूनच त्यांचे स्वतंत्र पेटीवादन जन्मास आले. पेटीवर मींड येत नाही, हे खरे. पण मींडीचा भास येतो. दोन पट्ट्यांमधील अंतर तोडून न टाकता एकीवरील बोट उठण्यापूर्वी दुसरे टेकवावयाचे, कणस्वर असा हलका लावावयाचा की मुख्य सूर त्यातून उगवल्यासारखा वाटावा, आणि हे चालू असता भात्याचा दाब गवयाच्या श्वासासारखा कमीअधिक करावयाचा. बहुतेक पेटीवाले भाता म्हणजे केवळ वारा भरण्याचे साधन समजतात; वास्तविक बोल निघतो तो भात्यातून. उजव्या हाताने स्वर निवडावयाचे आणि डाव्या हाताने ते उच्चारावयाचे, असे हे काम आहे. गोविंदरावांच्या पेटीची जी ख्याती झाली ती ठुमरीच्या अंगासाठी, बोलाच्या लाडिकपणासाठी. आंदोलित गंधाराचे राग घेऊन पेटीस फजीत करण्यापेक्षा जेथे तिचा चपळपणा आणि गोडवा खुलेल असे प्रांत निवडावे, हा शहाणपणाच होय. काही लोक यास पळवाट म्हणतील. परंतु बासरीवाल्याने पखवाजाचे बोल वाजवावेत अशी अपेक्षा कोणी करीत नाही.

१९११ साली हेच ठुमरीचे वेड मराठी नाटकाच्या कामास आले. किर्लोस्कर नाटक मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ हाती घेतले. तोपर्यंत रिवाज असा होता की नाटककारच चाली योजी. किर्लोस्कर आणि देवल हे दोघेही गाण्याचे जाणकार. कानावरून गेलेल्या चालींवर ते पदे बसवीत. साकी, दिंडी, लावणी, कर्नाटकातील चाली, असा तो साठा होता. खाडिलकर हे केसरीच्या संपादकवर्गातले. त्यांची लेखणी जळजळीत, पण चालींचा व्यापार त्यांचा नव्हे. म्हणून चाली देण्यासाठी स्वतंत्र माणूस नेमण्याची पाळी आली, आणि ते काम गोविंदरावांकडे आले. मराठी नाटकात संगीत दिग्दर्शक ही वेगळी व्यक्ती असू शकते, ही गोष्ट येथून रूढ झाली असे म्हणावयास हरकत नाही. त्यांनी पूरबेकडील ठुमरी, दादरा, कजरी, गझल यांचा खजिना उघडला. बनारस-लखनौच्या दिवाणखान्यांतील हा माल पुण्यामुंबईच्या कुटुंबवत्सल प्रेक्षकांपुढे भामिनीच्या तोंडून आला आणि कोणासही तो परका वाटला नाही. ‘मानापमान’चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांचे तान्हे मूल दगावले आणि तशाही स्थितीत ते भामिनी होऊन उभे राहिले, ही गोष्ट महाराष्ट्र विसरलेला नाही. त्या रात्री पडद्याआड आणखी एका माणसाची परीक्षा होती हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. नटाचे गाणे फसले तर दुसऱ्या प्रयोगास सुधारते. नव्या धर्तीच्या चालीच फसल्या तर नाटक बसते.

ते बसले नाही. दहा वर्षांनी, ८ जुलै १९२१ रोजी, टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईस बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन प्रयोग केला, तेव्हा निवडलेले नाटक ‘मानापमान’च होते.

१९१३ च्या जुलैत बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी काढली. गोविंदराव स्वतः नट म्हणूनही उभे राहात. ‘मृच्छकटिक’मधील त्यांचा चारुदत्त पुष्कळांनी वाखाणला. भागीदारी फार वर्षे टिकली नाही. त्यांनी पुढे शिवराज नाटक मंडळी ही स्वतःची संस्था उभारली. तिच्यासाठी नाटक लिहावयाचे, पदे रचावयाची, चाली द्यावयाच्या आणि भूमिकाही करावयाची, असा चौफेर उद्योग आरंभिला. ‘पटवर्धन’ आणि ‘वरवंचना’ ही त्यांची नाटके. पण नाटक कंपनी चालविणे ही कला नसून संसार आहे, आणि तोही शेपन्नास माणसांचा. गंधर्वांसारख्या लोकप्रिय नटालाही तो संसार कर्जाच्या खाईत घेऊन गेला. तेथे इतरांची कथा काय? शिवराज मंडळी फार काळ चालली नाही.

एवढ्यावर गोविंदरावांची गणना जुन्या पिढीतील माणसांत व्हावयाची. परंतु पन्नाशीस त्यांच्या दारी एक अगदी नवे यंत्र येऊन उभे राहिले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईस ‘आलम आरा’ झळकला आणि चित्रपट बोलू लागला. कोल्हापुरात १९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी प्रभात कंपनी स्थापन केली होती. आतापर्यंत तिचे सर्व चित्रपट मुके. आता तिने मराठीत व हिंदीत एकदमच हरिश्चंद्राचे आख्यान घेतले. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली जे आख्यान मुक्याने सांगितले, तेच प्रभातने बोलके केले. फाळक्यांच्या तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले होते. प्रभातच्या तारामतीसाठी दुर्गाबाई खोटे आल्या, हाही एकोणीस वर्षांतील फरकच. राजा हरिश्चंद्र झाले गोविंदराव, आणि संगीतही त्यांचेच. ‘अयोध्येचा राजा’ ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईस मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागला.

आज ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गाणे आधी होते आणि नट मागाहून ओठ हलवितो. तेव्हा पार्श्वगायनाची युक्ती निघालेली नव्हती. जो दिसे त्यानेच, दिसत असतानाच गावयाचे. वादक छायाचित्राच्या चौकटीबाहेर पण ध्वनिग्राहकाच्या टप्प्यात दडून बसत. नाटकात पेटी नटाच्या पुढे, त्याच्या नजरेस असे. येथे नजर दुसरीकडे आणि कान वादकांकडे. नाटकात वन्समोअर घेत एक पद अर्धा तास रंगविता येई. येथे फीत धावत असते, आणि धावणाऱ्या प्रत्येक फुटाचे पैसे पडतात. रंगभूमीवर वर्षानुवर्षे काढलेल्या माणसास हा सर्व बेत अंगवळणी पाडून घ्यावा लागला. आणि ज्या राजाने राज्य, पत्नी, पुत्र घालवूनही सत्य सोडले नाही, त्याची भूमिका एका कंपनीमालकाने नुकसान सोसल्यानंतर करावी, यातही काही औचित्य होतेच.

त्याच १९३२ साली ‘अग्निकंकण’ आणि ‘मायामच्छिंद्र’ आले. दुसऱ्यात मच्छिंद्रनाथ गोविंदराव, गोरखनाथ मास्टर विनायक. १९३३ साली हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून ‘सिंहगड’ झाला, आणि ‘सैरंध्री’ हा चित्रपट रंगीत करण्यासाठी जर्मनीस नेला गेला. त्यांचेही संगीत गोविंदरावांचेच. त्याच वर्षी प्रभातने पुण्यास प्रस्थान ठेविले. पुढच्या चित्रपटांचे संगीत केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव यांच्याकडे गेले. मास्टर कृष्णराव हे भास्करबुवांचेच शिष्य. तेव्हा मक्ता घराबाहेर गेला असे म्हणता येणार नाही. परंतु चित्रपटाचे संगीत झपाट्याने बदलत होते. प्रसंगामागे वाजणारे पार्श्वसंगीत, दोन-तीन मिनिटांत संपणारे गीत, वाद्यवृंदाची भरणी, ही नवी मागणी होती. बोलाच्या एका अक्षरावर रेंगाळणाऱ्या ठुमरीच्या माणसास तेथे करमणे कठीण.

गोविंदराव लेखणीकडे वळले. ‘माझा संगीत व्यासंग’ झाले, पुढे ‘माझा जीवनविहार’ झाले. संवादही गाण्यातूनच व्हावा अशा ‘महाश्वेता’, ‘जयदेव’ यांसारख्या संगीतिका त्यांनी रचल्या. मराठीत गाणाऱ्यांची चरित्रे पुष्कळ आहेत. परंतु साथीस बसून, गवयाच्या पाठीमागून, त्याची विद्या न्याहाळणाऱ्याने लिहिलेले असे लिखाण दुर्मिळ. खाँसाहेबांचा स्वभाव, बुवांची तालीम, कंपन्यांतील हेवेदावे, हे सर्व त्यांत रसाळपणे आले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोल्हापुरात काय ऐकावयास मिळत होते, हे आज जाणून घ्यावयाचे तर या पुस्तकांकडेच जावे लागते, कारण त्या मैफलींची ध्वनिमुद्रिका कोणी काढून ठेवलेली नाही.

९ ऑक्टोबर १९५५ रोजी गोविंदराव निवर्तले. देश स्वतंत्र होऊन आठ वर्षे झाली होती, नभोवाणीची आकाशवाणी होत होती, आणि पेटी अजून दाराबाहेरच होती. परकी म्हणून जिला बाहेर ठेविले, तिच्यासारखेच परदेशातून आलेले व्हायोलिन मात्र त्याच केंद्रांत सुखाने नांदत होते, कारण त्यावर मींड निघते.

या बंदीने पेटी मेली नाही. ती नाटकगृहात आणि मैफलीत वाढतच राहिली. पी. मधुकर यांनी एकलवादनाची वाट पुढे चालविली. गोविंदराव पटवर्धनांनी नाट्यसंगीताच्या साथीस असे वैभव आणले की गायकाच्या नावाखाली त्यांचे नाव पाहून लोक तिकिटे काढीत. मधुकरांचे शिष्य तुळशीदास बोरकर यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. पायाचे ऑर्गन मात्र आता परदेशी कारखान्यांतून येत नाहीत. जे जुने आहेत त्यांची जीभ बदलून, भात्यास नवे कातडे लावून संगीत नाटकांचे प्रयोग चालविले जातात. कोल्हापुरात देवल क्लबच्या रंगमंदिरास गोविंदराव टेंबे यांचे नाव दिलेले आहे.

आकाशवाणीने आपले दार किलकिले केले ते १९७१ साली, बंदीस एकतीस वर्षे आणि गोविंदरावांच्या मृत्यूस सोळा वर्षे झाल्यावर. त्यासही अटी होत्या. वरच्या श्रेणीच्या कलावंतांस पेटीची साथ घेण्याची मुभा मिळाली. पेटीने मध्यभागी बसून एकटीने वाजावे, ही परवानगी त्या वेळी देण्यात आली नाही.